'जलद रेडिओ स्फोट' म्हणावे का?

फोंड्याच्या एका शिक्षकांनी विचारले आहे की, शाळेच्या विज्ञान अंकातील लेखात 'फास्ट रेडिओ बर्स्ट'ला, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींच्या क्षणभराच्या लोटाला, 'जलद रेडिओ स्फोट' म्हटले तर चालेल का.

'जलद' आधी वगळावा. तो वेग सांगतो आणि रेडिओलहरी तर सगळ्याच प्रकाशाच्या वेगाने येतात. इथे सांगायचे आहे ते हे की, लहरींचा हा लोट बहुधा काही मिलिसेकंदांतच ओसरतो. (शिवाय संस्कृतात 'जलद' म्हणजे ढग, आणि जूनमधल्या गोव्यात त्यांची वाण नाही.) 'क्षणिक' पुरेसा आहे.

खरा प्रश्न 'स्फोट'चा आहे. व्युत्पत्तीने तो निर्दोष आहे: 'स्फुट्' या धातूत फुटणे आणि उमलणे दोन्ही आहेत, 'गौप्यस्फोटा'त काही नष्ट होत नाही, आणि व्याकरणकार भर्तृहरीचा स्फोट तर अर्थ प्रकटवणारा. पण ताऱ्यांविषयी बोलताना मराठी वाचकाला 'स्फोट' म्हणजे ताऱ्याचा अंतच वाटतो. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीच्या 2001 सालच्या नोंदींत सापडलेला असा पहिला लोट 2007 मध्ये जाहीर झाला, त्यानंतर काही काळ तारे आदळून नष्ट होण्याची कल्पनाही मांडली जात होती आणि तेव्हा हा शब्द खपून गेला असता. पुढे, पोर्तो रिकोतील अरेसिबो रेडिओ दुर्बिणीने 2012 मध्ये प्रथम टिपलेल्या एका उगमातून असे लोट पुन्हा पुन्हा येत असल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. जे एकदाच फुटून संपले ते पुन्हा कसे फुटेल? 28 एप्रिल 2020 रोजी तर आपल्याच आकाशगंगेतील 'एसजीआर 1935+2154' या मॅग्नेटारकडून, म्हणजे प्रचंड चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याकडून, तसाच लोट आला आणि तारा जागच्या जागी राहिला. तरीही सगळ्यांचा उगम मॅग्नेटारच, असे ठरलेले नाही: 'एम 81' दीर्घिकेजवळच्या वृद्ध ताऱ्यांच्या एका गोलाकार गुच्छातूनही असे लोट आले आहेत, आणि मॅग्नेटार सहसा तरुण, वजनदार ताऱ्यांच्या मृत्यूतून जन्मतात. उगमाचा शोध चालू असताना नावानेच निकाल देऊ नये.

'स्पंद' पल्सारांनी, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओस्पंद पाठवणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांनी, अडवला आहे आणि 'झोत' अखंड वाटतो. 'उद्रेक' मात्र बसतो, कारण ज्वालामुखीचा उद्रेक पुन्हा पुन्हा होतो आणि डोंगर उरतो. म्हणून 'क्षणिक रेडिओ उद्रेक' लिहावे. पुन्हा पुन्हा येणाऱ्यांना 'आवर्ती' हे विशेषण लावू नये, त्यातून ठरावीक कालावधी सूचित होतो. त्यांना 'पुनरुद्भवी' म्हणावे.