इंदूरच्या सिरपूर तलावावर पक्षी बघायला पहिल्यांदा येताय ना?

दुर्बीण लगेच विकत घेऊ नका, आधी कुणाची तरी मागून बघा. घ्यायचीच झाली तर ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. जास्त पॉवरची हातात थरथरते. हिवाळ्यात सिरपूर तलावावर उजाडतानाच पोचा, पोहे-जिलबी नंतर. काळा चांदवा दिसला की ‘बदक’ म्हणून मोकळे होऊ नका. पांढरी चोच, कपाळावर पांढरा टिळा. पायाला बदकासारखा पडदा नाही, बोटांना सुट्या पाळ्या. हा पाणकोंबडीच्या कुळातला.

विज्ञानाच्या व्याख्यानालाही या. आपल्या इंदूरात आरआरकॅट या संशोधन केंद्रात इंडस-२ हे इलेक्ट्रॉन गोल फिरवून क्ष-किरण मिळवणारं यंत्र आहे, तेव्हा इलेक्ट्रॉन वळताना क्ष-किरण का सोडतो, हे बिनधास्त विचारा. मागच्या रांगेतले काकाही तेच विचारायला लाजत असतात! फोन मात्र सायलेंटवर, तलावावर आणि व्याख्यानात, दोन्हीकडे.