रॉकेटसाठी लाँचर करतोयस? आधी पाईप माप

घरी फटाक्याच्या दारूचं रॉकेट भरायची अवजारं करायचा तुझा विचार सोडून दे. परवान्याशिवाय ते बेकायदा आहे, आणि चाळीत तर वेडेपणाच. पाण्याचं रॉकेट कर, म्हणजे थोडं पाणी भरून हवेच्या दाबाने उडणारी बाटली. अवजारं करायची हौस तिथेही पुरेपूर भागते.

बाटली सोड्याची किंवा कोल्ड्रिंकचीच घे. साध्या पाण्याची पातळ बाटली दाबाला टिकत नाही. सोड्याच्या बाटलीचं तोंड आतून साधारण 22 मिमी असतं, म्हणून लाँचरसाठी अर्ध्या इंची यूपीव्हीसी (साधा प्लास्टिकचा) पाईप (बाहेरून 21.3 मिमी) त्यात नीट सरकतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात नुसतं 'अर्धा इंच' म्हणालास तर सीपीव्हीसी (गरम पाण्याचा पाईप) हातात पडेल. तो बाहेरून 15.9 मिमीच असतो, बाटलीत खडखडतो. मी तोच घेऊन आलो होतो! व्हर्नियर (मिमीत जाडी मोजायचं माप) खिशात ठेव.

पाईपवर ओ-रिंगची (हवा अडवणाऱ्या रबरी कडीची) खाच लेथवर काढून घे. पाईपच्या आत लाकडी दांडा घट्ट ठोकून दे, नाहीतर लेथच्या चकमध्ये (पकडीत) पाईप चेपतो. खाच उथळच हवी. रिंग जेमतेम वर दिसली पाहिजे, बाटली जराशी जोर लावून बसली की झालं.

बाटली पॉलिश पेपरने घासू नकोस, ओरखड्यातूनच फुटते. दाबाची पहिली चाचणी बाटली काठोकाठ पाण्याने भरून, लांबून. उडवताना पाणी एक तृतीयांश, गेजवाला (दाब दाखवणारा) सायकलपंप, दाब 60 पीएसआयच्या आत, चष्मा डोळ्यांवर. आणि जुहूला नको, शेजारी विमानतळ आहे.