जामीनदार कुठून आणायचा?

प्रश्न: भाचा न्यू जर्सीत असतो. गणपतीत आला तेव्हा म्हणाला, तिथे काळे लोक लोकसंख्येत शंभरात 13, पण तुरुंगात जवळपास एक तृतीयांश. म्हणजे गुन्हे तेच जास्त करतात! मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही ठाणे कोर्टात वकिली केलीत, काय सांगाल?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: आकडे बरोबर आहेत हो. पण तुरुंगातली डोकी मोजली म्हणजे गुन्हे मोजले, असं होत नाही.

माझ्याकडे कळव्याचा एक पारधी पोरगा होता. मोबाइलचोरीची केस. पहिल्याच आठवड्यात पंधरा हजारांचा जामीन झाला. जामीनदार मात्र रेशनकार्ड, पगाराची स्लिप असलेला हवा. त्याच्या आईकडे स्वतःचंच रेशनकार्ड नव्हतं. चौदा महिने तो ठाण्याच्या जेलमध्ये. शेवटी साक्षीदाराने त्याला ओळखलंच नाही, सुटला. तेव्हाच घोडबंदर रोडचा एक कॉलेजकुमार तसल्याच केसमध्ये आला होता. बापाने रोख भरली, पोरगा रात्री घरी जेवला. त्या वर्षीच्या कैद्यांच्या मोजणीत पारधी आला, हा नाही.

2022 अखेर देशातल्या शंभर कैद्यांतले जवळपास 76 असे कच्चे कैदी होते, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. आणि पारधी म्हटलं की पोलीस आधी उचलतात. 1871 च्या कायद्याने जमातच गुन्हेगार ठरवली. 1952 ला तो रद्द झाला, ठाण्यातल्या हवालदाराच्या डोक्यातून नाही.

अमेरिकेत तर कायद्याचंच माप वाकडं होतं. 1986 च्या कायद्यात पाच ग्रॅम क्रॅकला, म्हणजे कोकेनच्या ओढायच्या खड्यांना, किमान पाच वर्षं. कोकेनची पूड असेल तर तेवढ्याच शिक्षेला पाचशे ग्रॅम लागायची. माल मुळात एकच. क्रॅकमध्ये शिक्षा झालेले बहुतेक काळे. 2010 मध्ये पाचाचे 28 ग्रॅम केले, पण सारखं माप तेव्हाही केलं नाही. गांजाचंही तसंच. ओढतात काळे-गोरे दोघंही साधारण सारखाच, पण 2010 च्या आकड्यांत काळ्यांच्या अटकेचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास चौपट.

खुनाचं मात्र वेगळं. खून झाला की प्रेत असतं, ते कुणाच्या नजरेवर अवलंबून नसतं. तिथे काळ्यांचं प्रमाण खरोखर जास्त आहे, आणि मरणारेही बरेचसे त्यांच्याच वस्तीतले. तेवढा मुद्दा भाच्याला सोडा.