बारा तासांच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. चाकणच्या कंपनीने मिस्टरांपुढे बारा तासांच्या शिफ्टचं संमतिपत्र ठेवलंय, घरात दीड वर्षाचं बाळ, सासूबाई आजारी. सही करावी का, असं विचारलंय तुम्ही. आमच्याकडे बारा तास कायद्यात नसतानाही चालायचे, म्हणून लिहितेय.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तास आणि तिमाही ओव्हरटाइम 115 वरून 144 तास करायला मंजुरी दिली, ते ठाऊक असेलच. आठवड्याचे 48 तेच, म्हणजे चार दिवस काम आणि तीन सुट्ट्या, असं कोणी समजावलं तर ते 144 आठवा. आठवड्याला अकरा तास होतात, एक सुट्टी तिथेच गेली. शिवाय कंपनीची बस या बारा तासांत धरत नाहीत. तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमधून हे घरी यायचे तेव्हा मुलगी झोपलेली, निघायचे तेव्हाही झोपलेली. यांची सुट्टी गुरुवारी, तिची रविवारी.

सगळ्यात जास्त छळलं ते एका सरकारी कार्यालयाने. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो, आम्हाला साधाच मिळत होता. अर्ज घेऊन मी गेले तर "कामगाराने स्वतः यावं." हे गुरुवारी गेले तर "साहेब व्हिजिटला गेलेत, उद्या या." उद्या कसं येणार? खाडा झाला की पगार कापतात. शेवटी अर्ज ठेवून घेतला, पण पोच दिली नाही. नंतर विचारलं तर म्हणे आवकमध्ये नोंदच नाही! सरकारी कर्मचाऱ्यांना 2020 मध्ये पाच दिवसांचा आठवडा मिळाला, चांगलंच झालं, त्यांनाही घर आहे. पण मग बारा तास राबणाऱ्यासाठी संध्याकाळी एक खिडकी उघडी ठेवायला काय हरकत आहे? अजून संताप होतो.

मी वकील नाही. तुमच्याकडे आज नेमका कोणता नियम लागू आहे ते युनियनला विचारा. पण माझं स्पष्ट मत, मुदत लिहिल्याशिवाय सही नको. कधीपासून कधीपर्यंत आणि संमती मागे कशी घ्यायची, हे त्याच कागदावर हवं, आणि झेरॉक्स घरात. मिस्टर कंत्राटी असतील तर असा आग्रह धरणं किती अवघड आहे हे मला कळतं. तरी झेरॉक्स मागाच. कुठे अर्ज करायची वेळ आली तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा.

आणि रात्रपाळी किती आठवडे लागणार ते आधीच विचारून घ्या. दोन खोल्यांत दिवसा झोपणारा माणूस आणि रांगतं-धावतं बाळ यांचं जमत नाही. आम्ही दुपारी मुलीला शेजारच्या काकूंकडे ठेवायचो. तशी सोय आहे का, बघा.