तुरुंगातील भावाला धीर कसा द्यावा?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात कच्चा कैदी आहे. जामीन फेटाळल्यापासून त्याची झोप उडाली आहे आणि मुलाखतीला गेलो तरी तो मान खाली घालून बसतो. ‘पुढच्या तारखेला तू नक्की सुटशील’ असे आई त्याला दर वेळी सांगते. याहून अधिक आम्ही काय करावे?
— एक वाचक भगिनी, डिचोली

उत्तर : आईंची माया समजते, पण ते आश्वासन प्रत्येक तारखेला खोटे ठरते आणि भाऊ दर वेळी अधिक खचतो. शिक्षा झालेल्या बहुतेक कैद्यांना निदान सुटकेचा अंदाज बांधता येतो, कच्च्या कैद्याला तेवढाही आधार नसतो. म्हणून पुढची तारीख कोणती, त्या दिवशी काय होणार, आपण पुन्हा भेटायला कधी येणार, एवढे निश्चित असेल तेच त्याला सांगावे. घराची कौले परतायची असतील, तर त्याचाही सल्ला घ्यावा. घरात आपले मत अजून विचारले जाते, हे त्याला कळणे गरजेचे आहे.

पूर्वी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ कोठडीत काढल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले यांना मात्र ती लागू नाही, तेव्हा वकिलांना विचारावे. वकील परवडत नसल्यास विधी सेवा प्राधिकरण कोठडीतील व्यक्तीला, उत्पन्न न पाहता, विनामूल्य वकील देते.

आता झोपेविषयी. जामीन फेटाळल्यानंतरचा काळ जोखमीचा असतो, त्यामुळे ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात येतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी आले, किंवा तो टाळाटाळ करू लागला, तर त्याच दिवशी अधीक्षकांना आणि तुरुंगाच्या डॉक्टरांना भेटून लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार कैद्यालाही उपचारांचा हक्क आहे. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेतील तज्ज्ञांकडून त्याची तपासणी व्हावी, अशी मागणी अर्जातच करावी. अटकेपूर्वी त्याला औषधे चालू असतील, तर चिठ्ठीची प्रत डॉक्टरांकडे द्यावी. गोळ्या स्वतः आत पोहोचवू नयेत. दारूची सवय असलेल्यांच्या नातेवाइकांनी तर ही माहिती अटकेच्या दिवशीच द्यायला हवी, कारण दारू अचानक तुटल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत होणारी थरथर आणि भ्रम प्राणावर बेतू शकतात, आणि आजूबाजूचे लोक त्याला ‘नाटक’ समजतात.

आईंनाही हा भार एकट्याने सोसवणार नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर त्या रात्री-अपरात्रीसुद्धा विनामूल्य बोलू शकतात.