अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हा अल्बम इतका थोर का मानतात? मला तर तो अर्धवट वाटला.

तुम्ही लिहिलंय की गाणी छान आहेत, पण वाद्यं जवळजवळ नाहीतच, मधेमधे नुसती शांतता आहे, आणि काही गाणी तर सुरू होता होताच संपतात. तुमचं ऐकणं चुकलेलं नाही. १९७५ साली ही टेप हातात आली तेव्हा अल्बम काढणाऱ्या कोलंबिया रेकॉर्ड्स कंपनीच्या वरिष्ठांनाही तसंच वाटलं होतं. हा नुसता नमुना असेल, व्हायोलिनं आणि कोरस नंतर भरले जातील, अशी त्यांची समजूत झाली. पण काय रेकॉर्ड करायचं आणि कसं, याचा पूर्ण अधिकार करारानं नेल्सनला दिलेला होता. त्यामुळे अल्बम आहे तसाच बाजारात आला.

त्या अधिकाराची किंमत कळायला त्याआधीची वर्षं बघायला हवीत. साठच्या दशकात नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्री या अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या संगीताच्या मुख्य केंद्रात, गायकानं यायचं, गायचं आणि निघून जायचं. वादक कोण, मागे कोरस किती, तंतुवाद्यं कुठे, हे सगळं निर्माता ठरवायचा. गीतकार म्हणून नेल्सनचा तेव्हाही दबदबा होता. गायिका पॅट्सी क्लाइनचं 'क्रेझी' हे गाणं त्यानंच लिहिलेलं. गायक म्हणून मात्र त्याच्या आवाजावर इतके थर चढवले जात की तो तालाच्या किंचित मागे रेंगाळून शब्द कसा सोडतो, हे ऐकूच येत नसे. पुढे तो टेक्सासला परतला, ऑस्टिनमध्ये स्थिरावला आणि जानेवारी १९७५मध्ये डॅलसजवळच्या गार्लंड इथल्या एका स्टुडिओत स्वतःच्या नेहमीच्या साथीदारांना घेऊन बसला. पियानोवर सख्खी बहीण बॉबी, हार्मोनिकावर मिकी राफाएल, ड्रम्सवर पॉल इंग्लिश, आणि त्याच्या स्वतःच्या हातात नायलॉनच्या तारांची 'ट्रिगर' नावाची गिटार.

आता मुख्य गोष्ट. हा अल्बम म्हणजे एक सलग कथा आहे. एका धर्मोपदेशकाची बायको दुसऱ्या पुरुषाबरोबर निघून जाते. तो तिचा माग काढतो, दोघांना गाठतो आणि गोळ्या घालतो. मग घोड्यावरून रानोमाळ भटकत राहतो. पहिलं गाणं 'टाइम ऑफ द प्रीचर' मधूनमधून परत येतं, अगदी कीर्तनातल्या आख्यानात ध्रुवपद येतं तसं, आणि तेवढ्या दोन ओळींत कथा पुढच्या टप्प्यावर जाते. तुम्हाला अर्धवट वाटलेले तुकडे बहुतेक हेच असावेत. अल्बम शफलवर ऐकलात तर त्यांचा काहीच अर्थ लागणार नाही.

यातली निम्म्याहून अधिक गाणी नेल्सनची नाहीत, आणि मला त्याची सगळ्यात मोठी करामत तिथेच दिसते. 'ब्लू आइज क्राइंग इन द रेन' गीतकार फ्रेड रोझचं, गायक रॉय एकफनं चाळीसच्या दशकात गायलेलं. सुटं ऐकलं तर ते ताटातूट झालेल्या प्रियकराचं साधं, हळवं गाणं आहे. इथे ते खुनाच्या लगेच नंतर येतं. म्हणजे जिच्या पावसात भिजलेल्या डोळ्यांची आठवण तो काढतोय, तिला त्यानंच मारलंय. मरणानंतर पलीकडे भेटू असं तो म्हणतो तेव्हा अंगावर काटा येतो. शब्द एकही बदललेला नाही, फक्त गाण्याची जागा बदलली. इथे मागे व्हायोलिनं असती तर ती आपल्याला त्याची कीव करायला सांगत बसली असती. गिटार, हलकी साथ आणि मोकळी जागा, एवढंच असल्यामुळे त्याच्याबद्दल काय वाटून घ्यायचं ते आपल्यावर सोडलेलं आहे. म्हणून मला ही शांतता रिकामी वाटत नाही.

हेच गाणं गायक म्हणून नेल्सनचं कंट्रीच्या यादीतलं पहिलं क्रमांक एकचं गाणं ठरलं आणि त्याला ग्रॅमीही मिळालं. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता.

एक गोष्ट मात्र मला आजही खुपते. शीर्षकगीतात पिवळ्या केसांची एक बाई उपदेशकाच्या मेलेल्या बायकोच्या घोड्याला हात लावते. तो तिलाही गोळी घालतो आणि सुटतो, कारण घोडा चोरणाऱ्या बाईला मारलं म्हणून कुणाला फाशी देता येत नाही. हे गाणं १९५०च्या दशकातलं, दुसऱ्यांनी लिहिलेलं, आणि नेल्सन ते आपल्या मुलांना झोपवताना गायचा. नेल्सन हा न्याय चूक की बरोबर हे कुठेच सांगत नाही, सरळ आवाजात गाऊन पुढे जातो. मला तिथे दर वेळी थांबावंसं वाटतं. अल्बमच्या शेवटी या माणसाला म्हातारपणी प्रेम आणि विसावा मिळतो, पण त्या दोन्ही बायकांना पूर्ण कथेत एक वाक्यही मिळत नाही.

पुन्हा ऐकणार असाल तर क्रमानं, एका बैठकीत ऐका. तास काय, पाऊण तासही लागत नाही. 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम' हे भजन आलं की बॉबीच्या पियानोकडे नीट लक्ष द्या. उपदेशक आता कुठल्याच चर्चमध्ये उभा राहू शकत नाही, आणि नेमकं तेव्हाच चर्चमधलं हे गाणं वाजतं, तेही शब्दांशिवाय.

त्यानंतर लगेच नेल्सनचाच १९७४चा 'फेजेस अँड स्टेजेस' लावा. तोही एका मोडलेल्या लग्नाचीच कथा आहे, पण तिथे तबकडीची पहिली बाजू पूर्णपणे बायकोची आहे. नवऱ्याला बोलायला दुसऱ्या बाजूपर्यंत थांबावं लागतं.