साथीच्या दिवसांतील उपासना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सध्या ताप-खोकल्याची साथ जोरात आहे आणि आमच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीत त्यावरून दोन तट पडले आहेत. काहींच्या मते साथ ओसरेपर्यंत चर्च बंद ठेवावे. इतर सभासद इब्री लोकांस पत्रातील 10:25 या वचनाकडे बोट दाखवून म्हणतात, की एकत्र मिळणे सोडू नये असे स्पष्ट सांगितलेले असताना दार लावणे हा अविश्वास होय. दोघांनाही काय सांगावे? प्रभुभोजनाबद्दलही मार्गदर्शन करावे.
— एका मंडळीचे सचिव

उत्तर : आपला वाद ‘उघडे की बंद’ एवढ्यावरच अडला आहे आणि माझ्या मते घोळ तिथेच आहे. उपासनेत वचन ऐकणे, गाणे, हस्तांदोलन, प्रभुभोजनाचा सामाईक प्याला, नंतर दाराशी रेंगाळणाऱ्या गप्पा असे बरेच काही येते आणि या सर्वांतला धोका सारखा नसतो. म्हणून कमिटीने आधी एवढेच विचारावे, की आलेली साथ पसरते कशी. नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबांत हात आणि अन्न सांभाळावे लागते, आणि त्याच्यापुढे अल्कोहोलच्या सॅनिटायझरचे फारसे चालत नाही, साबण-पाणीच लागते. गोवराचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही खोलीतील हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. त्यामुळे पहिल्या उपासनेला आलेल्या आजारी मुलाकडून पाठोपाठच्या उपासनेतील, लस न घेतलेल्या मुलांना बाधा होऊ शकते, मग त्यांची गाठ पडलेली नसली तरी.

आपल्याकडील ताप-खोकल्याच्या साथीत मात्र मुख्य प्रश्न हवेचा आहे. 10 मार्च 2020 रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन येथे एका गायकवृंदाचा सराव चर्चच्या जागेत झाला. सुमारे अडीच तासांच्या त्या सरावाला 61 जण हजर होते आणि त्यांतील एकाला आजाराची लक्षणे होती. पुढे 53 जणांना कोविड झाला किंवा झाल्याचे मानले गेले आणि दोघांचा मृत्यू झाला. बंद जागा, दीर्घ वेळ, जवळजवळ बसणे आणि मोकळ्या गळ्याने गाणे या चारही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. तेव्हा बाके पुसण्यात स्वयंसेवकांचा सारा वेळ घालवण्यापेक्षा समोरासमोरच्या खिडक्या उपासनेच्या अर्धा तास आधी उघडून शेवटपर्यंत तशाच ठेवाव्यात. उपासना आटोपशीर करावी, गीते कमी घ्यावीत आणि गायकवृंदाला लोकांकडे तोंड करून दाटीने उभे करू नये. शक्य असल्यास कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र आणून ते मागच्या बाकांजवळ, श्वासाच्या उंचीवर ठेवावे. बाहेरच्या हवेत ते दशलक्ष भागांत साधारण 420 दाखवते; आत शेवटचे गीत चालू असताना आकडा 800च्या खाली असेल, तर हवा बरी खेळते आहे असे समजावे, आणि तो दीड-दोन हजारांवर गेला, तर खिडक्या उघड्या दिसत असूनही आपण एकमेकांचाच श्वास घेत आहोत हे ओळखावे. अंगण असेल तर उपासना सरळ तेथेच घ्यावी. इंग्लंडमधील ईम या गावात 1666 साली प्लेगच्या काळात विल्यम मॉम्पेसन या धर्मगुरूंनी चर्च बंद करून गावाजवळच्या घळीत उघड्यावर उपासना घेतली, आणि कुटुंबे एकमेकांपासून अंतर राखून उभी राहिली.

प्रभुभोजनाबाबत, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या संस्काराबाबत, बोलायचे तर प्याल्याची कड पुसल्याने व तो फिरवल्याने जंतू कमी होतात, नाहीसे होत नाहीत. भाकर द्राक्षारसात बुडवणे पुष्कळांना अधिक स्वच्छ वाटते, परंतु बोटे त्यात टेकतातच. आपल्या परंपरेत चालत असतील तर स्वतंत्र लहान पेले वापरावेत. 2009च्या स्वाइन फ्लूच्या वेळी चर्च ऑफ इंग्लंडच्या आर्चबिशपांनी सामाईक प्याला काही काळ थांबवण्याची शिफारस केली होती, आणि कॅथलिक शिकवणीनुसार केवळ भाकरीच्या रूपातही ख्रिस्त पूर्णपणे स्वीकारला जातो. त्यामुळे प्याला थांबला म्हणजे संस्कार अपुरा राहिला, असे मानण्याचे कारण नाही.

वचनाचा आग्रह धरणाऱ्यांना त्याच्या आधीचेच, 10:24 हे वचन वाचून दाखवावे. एकत्र येण्यामागे प्रीती आणि सत्कर्मे यांसाठी एकमेकांना उत्तेजन देण्याचा हेतू आहे, हे तेथे दिसते. शेजारी बसलेल्या वृद्धेला ताप देऊन तो हेतू साधत नाही. 1527 साली जर्मनीतील विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर आजाऱ्यांच्या सेवेसाठी मागे राहिले, पण त्याच सुमारास लिहिलेल्या पत्रात, गरज नसेल तेथे आपण जाणार नाही, म्हणजे आपल्यामुळे इतरांना लागण होणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले. बंद ठेवा म्हणणाऱ्यांना सांगावे, की आरोग्य विभागाचा आदेश आला तर प्रश्नच नाही. तोपर्यंत टप्पे आधीच लिहून ठेवावेत : कोणत्या परिस्थितीत अंगणात जायचे, केव्हा फक्त ऑनलाइन उपासना घ्यायची आणि ते कोण ठरवणार. नाहीतर शनिवारी रात्री फोनाफोनी होते आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा निर्णय होतो. आजाऱ्यांनी घरी राहावे हा नियम पाळकसाहेबांनाही लागू करावा. खोकत खोकत उपदेश देण्याला आपल्याकडे उगाच निष्ठा म्हणतात. बदली उपदेशक आधीच ठरलेला असावा.

प्रश्न : मला दम्याचा त्रास आहे आणि वयही झाले आहे. साथ असताना मी घरूनच मोबाइलवर उपासना पाहते. माझा विश्वास कमी पडतो आहे का?
— एक वाचक

उत्तर : मुळीच नाही. 1576च्या प्लेगमध्ये मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी चौकाचौकांत वेदी उभारल्या, त्या घरात अडकलेल्यांना खिडकीतून मिस्सात (कॅथलिक उपासनेत) सहभागी होता यावे म्हणूनच. मात्र पडद्याकडे पाहण्यावरच समाधान मानू नका. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या पुढाऱ्यांना, बोलावून घ्यावे असे याकोबाच्या पत्रात (5:14) सांगितले आहे, तेव्हा प्रभुभोजन घरी आणण्याची विनंती करण्यात संकोच नको. एकाच व्यक्तीने, तीही ताप-खोकला नसलेल्या, एन-95 मास्क लावून यावे आणि खिडकी उघडी ठेवून थोडाच वेळ थांबावे, असे आधी फोनवर सांगून ठेवा. फ्लूची लस घेतली नसेल तर डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा, कारण तिचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात.